दोन स्क्रूंचा प्रश्न

वणीला लढ्याची परंपरा आहे. लोकनायक बापूजी अणे १८८० साली याच गावी जन्मले आणि १९३० साली त्यांनी पुसदकडे जाऊन सरकारी जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. तेव्हापासून वणीच्या माणसाला आयुष्यात एकदा तरी कशाविरुद्ध तरी उभं राहावंसं वाटतंच. कुणी नळाला पाणी येत नाही म्हणून उभा राहतो, कुणी कोळशाच्या ट्रकांच्या धुळीविरुद्ध, आणि आमच्या गल्लीत तर तिघेजण सख्ख्या भावांविरुद्ध उभे आहेत. मी ग्लूगनविरुद्ध उभा आहे.

ग्लूगन हे पिस्तुलासारखं दिसणारं, विजेवर तापणारं हत्यार. मागून प्लॅस्टिकची कांडी घालायची, घोडा दाबायचा, की पुढून कढत रस निघतो आणि मिनिटभरात थिजतो. गणपतीच्या मखराला आणि शाळेतल्या पोरांच्या 'प्रोजेक्ट'ला हे उत्तम. मखर दहा दिवस टिकायचं असतं आणि प्रोजेक्ट तर बाईंची सही होईपर्यंतच. त्याला माझी काडीची हरकत नाही. पण आता या लोकांनी आकाशाला हात घातला आहे. रेडिओवर चालणाऱ्या हौशी विमानांच्या पोटात जे सर्वो असतात ते ही मंडळी स्क्रूनं आवळून बसवत नाहीत, चिकटवतात. इथं मात्र मी आडवा पडणार.

'मग त्यात बिघडलं काय एवढं?' हा प्रश्न मला वणीतल्या बहुतेक सुशिक्षित माणसांनी विचारलेला आहे. सौ.नं तर दोनदा विचारला, दुसऱ्यांदा जरा वरच्या पट्टीत. तेव्हा सर्वो म्हणजे काय इथपासूनच सुरुवात केलेली बरी.

सर्वो म्हणजे आगपेटीहूनही लहान अशी एक डबी. हल्ली सगळीकडे मिळते ती निळसर, आरपार दिसणारी, वजनाला नऊ ग्रॅम. आत इवलीशी मोटर, दातेरी चाकं, आणि आपला हात कुठवर वळला हे स्वतःलाच कळावं म्हणून बसवलेलं एक छोटं यंत्र. खाली उभ्या असलेल्या माणसानं हातातल्या पेटीवरची स्टिक हलवली की विमानातल्या सर्वोचा हात तेवढाच वळतो, त्याला जोडलेली तार पुढं-मागं होते, आणि तार शेपटीवरची फळी वर-खाली करते. फळी वर झाली की विमानाचं नाक वर. एवढंच. म्हणजे विमानाला पंख असतील, मोटर असेल, बॅटरी असेल, तरी त्याला तुमचं ऐकायला लावणारा जो आहे तो सर्वो. शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या दासात आहे. जोसेफ फार्को नावाच्या फ्रेंच इंजिनियरनं जहाजाचं सुकाणू वाफेच्या जोरावर फिरवणाऱ्या आपल्या यंत्राला हे नाव दिलं आणि १८७३ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. आपल्या वऱ्हाडी भाषेत सांगायचं तर सर्वो म्हणजे सालगडी. पाडव्याला ठेवला, सांगेल ते काम करतो, उलट बोलत नाही.

आता सालगड्याला तुम्ही म्हणालात, ती कापसाची गाठोडी ढकल. तो ढकलतो. का ढकलू शकतो? त्याचे पाय जमिनीत रोवलेले आहेत म्हणून. त्यालाच शेवाळलेल्या फरशीवर उभं करा आणि म्हणा, ढकल. गाठोडी जागच्या जागी राहील आणि गडी मागच्या मागे घसरत विहिरीपर्यंत जाईल. न्यूटननं हेच सांगितलं. मी ते पस्तीस वर्षं हायस्कूलमध्ये शिकवलं आणि पोरांनी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. सर्वो तारेला जेवढ्या जोरानं ढकलतो तेवढ्याच जोरानं तार सर्वोला ढकलते. त्या नऊ ग्रॅमच्या डबीचा जोर, तिच्यासोबत येणाऱ्या कागदावर लिहिल्याप्रमाणे, एक सेंटिमीटरच्या हातावर १.८ किलो. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दोनशे पट. मी माझ्या वजनाच्या दोनशे पट काही ढकलायला लागलो तर माझ्या पायांखाली डिंक चालेल का, याचा वाचकांनीच विचार करावा.

माझा या विषयाशी संबंध जुना आहे. नागपूरला कॉलेजात असताना मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो. विमानात बसायला मिळेल म्हणून गेलो आणि बाल्सा लाकूड घासत बसलो. त्या काळी आम्ही उडवायचो ती कंट्रोल-लाइनची विमानं. दोन लांब तारा, टोकाला हातात मूठ, आणि माणूस मध्ये उभा राहून गरगर फिरायचा, विमान त्याच्याभोवती. त्यात सर्वो नव्हता, पण विमानाच्या पोटात तारांना जोडलेली एक तिकोनी पट्टी असे आणि ती प्लायवुडवर बोल्टनंच बसवायची. उडवण्याआधी आमचे इन्स्ट्रक्टर विमान एका पोराच्या हातात द्यायचे आणि स्वतः मूठ धरून ओढायचे. विमानाच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ बसली तरी काही हललं-निसटलं नाही, तरच उड्डाण. याला पुल टेस्ट म्हणत. स्पर्धांमधून ती आजही घेतात. कधी कधी पोरगंच ओढलं जाऊन तोंडावर पडे. पण त्या ओढण्यातून सुटलेली पट्टी मी आकाशात सुटलेली पाहिली नाही.

यानंतर माझं लग्न झालं, नोकरी लागली, आणि उडण्याचे विषय संपले.

ते पुन्हा सुरू झाले पुतण्यामुळे. तो पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्यानं मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी 'वा!' म्हटलं. मागच्या उन्हाळ्यात तो सुटीवर आला तो एक पिवळंधमक विमान घेऊनच. फोमचं, पंख जवळजवळ दीड मीटरचा, वजन सव्वा किलो. मोटर उत्तम, बॅटरी उत्तम, पंखांवर दोन रंगांचे पट्टे इतके सुबक की सौ. म्हणाली, "रांगोळीला बसव त्याला." मी पोटाचं झाकण उघडून पाहिलं. शेपटीच्या सर्वोभोवती ग्लूगनचा पांढुरका थर होता, आणि सर्वोच्या दोन्ही कानांतली स्क्रूची भोकं रिकामी होती.

"स्क्रू कुठे आहेत रे?" मी विचारलं.

"काका, स्क्रू कशाला? पकडून तर बघा, किती घट्ट बसलाय."

मी पकडून पाहिलं. घट्ट होता. आणि इथंच माझं चुकलं, हे कबूल केलं पाहिजे. पस्तीस वर्षं न्यूटन शिकवलेला माणूस, इन्स्ट्रक्टरांचं ओढणं डोळ्यांनी पाहिलेला माणूस, मी नुसता बोटानं हलवून 'ठीक आहे' म्हणालो. म्हणजे मीही म्हणालो, "चालते."

मुकुटबन रोडला माझ्या एका वर्गमित्राचं शेत आहे. मे महिना, शेत नांगरून पडलेलं, धुऱ्यालगत एक सपाट पडीक पट्टी. आमच्याबरोबर शेजारचे रिटायर्ड ओव्हरमन होते. त्यांची सारी नोकरी इकडच्या कोळसा खाणींत जमिनीखाली गेली, त्यामुळे वर जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीचं त्यांना कौतुक. निघाल्यावर वाटेत आम्ही रसवंतीवर थांबलो. रस झाला, चहा झाला, ओव्हरमनसाहेबांचा एक किस्सा झाला. तो दीड तासाचा असतो. तेवढा वेळ विमान गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हात बसलं होतं. वणीचा मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटायचं नाही. बाहेर ४५ अंश, तर बंद गाडीत काचेखाली किती? डॅशबोर्डला हात लावला तर चटका बसतो. ग्लूगनची कांडी तापवल्यानं वितळते, हा काही तिचा दोष नव्हे, तिचा तो जन्माचा धर्मच आहे. पूर्ण वितळायला गन लागते. पण नुसतं नरमायला आमचा मे महिना पुरतो.

शेतावर पोचल्यावर पुतण्यानं स्टिक हलवून पाहिली. शेपटीची फळी वर, खाली, वर, खाली. सगळं झकास. विमान उडालंही झकास. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला त्यानं नाक खाली करून विमान वेगात आणलं आणि वर उचलण्यासाठी स्टिक ओढली.

ते उचललं गेलं नाही.

बाभळीखाली शेळ्या राखणारा एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा तोंड उघडं टाकून वर बघत उभा होता. विमान त्याच्यापासून दहा पावलांवर ढेकळात घुसलं. पोरगं टाळ्या वाजवत हसत सुटलं. त्याला वाटलं, हाही खेळातलाच भाग. पुतण्या विमानाकडे धावला. ओव्हरमनसाहेब पोराकडे धावले. मी जागचा हललो नाही. मला हलता येईना.

रात्री झोप येईना म्हणून मी हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटरनं येणारं सव्वा किलो वजन म्हणजे चौदा मीटरवरून खाली सोडलेलं सव्वा किलो वजन. चौदा मीटर म्हणजे चार मजल्यांहून वर. वणीत चार मजली गच्चीवरून कुणी खाली वरवंटा टाकला तर त्याला आपण पोलिसात देऊ. आम्ही तो टाकला आणि घरी येऊन आमरस खाल्ला. दहा पावलं! पोरगं शेळीमागे दहा पावलं सरकलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी आम्ही विमान उघडलं. सर्वो तारेला लोंबकळत होता, धडधाकट. चालवून पाहिला तर चालतही होता. बिचाऱ्या गड्यानं शेवटपर्यंत काम केलं होतं. फोमवर डिंकाचा थर जसाच्या तसा, मध्ये सर्वोचा खळगा, साच्यातून मोदक निघावा तसा स्वच्छ. पुतण्या पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "काका, पण जमिनीवर तर मस्त चालत होतं!"

अरे, तेच तर! जमिनीवर फळीवर वारा नसतो. तेव्हा गड्याला काही ढकलायचंच नसतं. वेगात असलेलं विमान वर उचलायचं असतं तेव्हा सगळा भार फळीवर येतो, तारेवर येतो, सर्वोवर येतो. म्हणजे चिकटवलेला सर्वो इतर सगळ्या वेळी छान बसून राहतो आणि जीव वाचवण्याची वेळ आली की नेमका तेव्हाच सुटतो. असे नातेवाईक आपल्याला माहीत असतात. त्यांना आपण विमानात बसवत नाही. म्हणून तपासायचं असेल तर फळी बोटांत दाबून धरावी, मग स्टिक हलवावी, आणि बघावं फळीकडे नव्हे तर सर्वोकडे. तो केसभर जरी उचकला तरी त्या दिवशी विमान घरी न्यावं आणि आमरस खावा. मात्र फार वेळ दाबून धरू नये, नाहीतर इवल्या दातेरी चाकांचे दात पडतात.

तेव्हापासून मी प्रचाराला लागलो. पुतण्याची ग्लूगन जप्त करून कपाटाच्या डोक्यावर ठेवली आणि भेटेल त्याला दोन स्क्रूंचं महत्त्व सांगू लागलो. गावात विमानं बनवणारी पाच-सात कॉलेजची पोरं आहेत असा शोध त्यातून लागला, आणि सातही चिकटवणारी निघाली. त्यांची म्हणणी मी शांतपणे ऐकून घेतली. सौ. म्हणते, शांतपणे नाही. पण ती तिथे नव्हती.

एकजण म्हणाला, स्क्रूनं वजन वाढतं. मी सोनाराकडे जाऊन ते दोन स्क्रू तोलून आणले. सोनारानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे. दोन्ही मिळून अर्धा ग्रॅमही भरले नाहीत. त्या पोराच्या विमानावर ढेकळाएवढा डिंक होता आणि पंखांवर चार नट्यांची स्टिकरं होती. दुसरा म्हणाला, पुढे सर्वो काढायला सोपं जावं म्हणून आम्ही चिकटवतो. काढायला सर्वांत सोपी वस्तू स्क्रू ही आहे, बाबा! म्हणून तर तिच्या डोक्यावर खाच असते. याच पठ्ठ्यानं एकदा पातळ सायनो, तो क्षणात धरणारा डिंक, सर्वोभोवती सोडला होता. तो पाण्यासारखा पाझरत डबीच्या आत गेला आणि दातेरी चाकांसकट सगळ्याची एकच वीट झाली. तिसऱ्याला सर्वो म्हणजे काय हेच धड माहीत नव्हतं, कारण तो ड्रोनवाला. शेतात फवारणी करणाऱ्या ड्रोनचे चार-सहा पंखे कमी-जास्त वेगानं फिरवले की तो वळतो. त्याला फळ्याही नसतात नि गडीही नसतो. म्हणून सध्याच्या पिढीला गड्याच्या पायांची काळजी उरलेली नाही, असं माझं मत आहे. ते मी त्याला सांगितलं. त्यानं मोबाइल काढून बघितला.

बाकीच्यांनी आमच्याकडचं ब्रह्मवाक्य टाकलं. "चालते ना सर! काय होते त्याले?"

या 'चालते ना'वर माझा खरा राग आहे. हे वाक्य आपल्या रक्तात फार मागून आलेलं आहे. कीर्तनकार सांगतात, ऐन युद्धात दशरथाच्या रथाच्या चाकाची खीळ निसटली आणि कैकेयीनं तिथं आपला हात घातला. सगळे तिच्या शौर्याला टाळ्या देतात. मीही देतो. पण निघण्याआधी खीळ कुणी ठोकून पाहिली नव्हती, हे कुठलाच कीर्तनकार विचारत नाही. ठोकली असती तर हात घालावा लागला नसता, हात घातला नसता तर दोन वर द्यावे लागले नसते, आणि दोन वर दिले नसते तर चौदा वर्षांचा वनवास नव्हता. एका खिळीपायी एवढं रामायण!

टिळक चौकात चहाच्या टपरीवर मी हे बोललो तर विषय भलतीकडेच गेला. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवलं म्हणतात, ते खरं की खोटं? झाली दोन पार्ट्यांत हमरीतुमरी. मी सांगून पाहिलं की १९७४ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी 'वैमानिकशास्त्र' हा ग्रंथ तपासला आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष काढला. त्याबरोबर माझी देशभक्तीच चौकशीला आली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विमानासाठी कपबश्या आपटणाऱ्या या मंडळींतल्या एकानंही मुकुटबन रोडला परवाच्या मे महिन्यात पडलेल्या विमानाबद्दल विचारलं नाही.

"अहो, पण ते खेळणं आहे हो," एक वकीलसाहेब म्हणाले.

बरं, खऱ्या विमानाचं सांगतो. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाकडे निघालं. आदल्याच दिवशी त्याच्या पुढच्या काचांपैकी एक नवी बसवली होती, नव्वद बोल्टांवर. त्यांतले चौऱ्याऐंशी बोल्ट हवे त्याहून केसभर बारीक आणि उरलेले सहा आखूड. जमिनीवर सगळे घट्टच लागले. वर गेल्यावर काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. बाकीच्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, आणि नवल म्हणजे कॅप्टन जगला. बोल्ट होते तरी ही गत. आणि ५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या विमानातून दाराच्या जागी बसवलेला आख्खा तुकडा हवेत निघून गेला, तेव्हा चौकशीत निघालं की चार बोल्ट तिथे नव्हतेच. म्हणजे 'चालते ना' साहेबलोकांतही आहे, फक्त तिकडे चौकशी बसते. आमच्या विमानाची चौकशी कोण करणार? २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमच्या वरचं आणि दोन किलोपर्यंतचं विमान 'मायक्रो', आणि निव्वळ हौसेनं ते उडवायला लायसन्स लागत नाही. लायसन्स नाही म्हणजे तपासणारा साहेब नाही. झाकण उघडून बघणारा काय तो काका.

ओव्हरमनसाहेब मात्र पहिल्यापासून माझ्या बाजूनं. "मास्तर, खानीत छताले डिंक नाही लावत आपन. बोल्ट मारतो. सिमेंट भरतो भोकात, पन थे बोल्टाले धरासाठी. नुसत्या सिमेंटानं छत चिकटवून त्याच्याखाली जेवाले कोन बसन?" मी हे वाक्य लिहून ठेवलं आहे.

मग आम्ही दोघांनी मिळून नवं विमान बांधायला घेतलं. या वेळी मोठे सर्वो, चाळीस मिलिमीटर लांबीचे. त्यांच्याबरोबर एक पुडी येते. पुडीत चार रबरी ग्रॉमेट, चार पितळी नळकांडी आणि चार स्क्रू. नव्या शर्टाच्या कॉलरमधला पुठ्ठा टाकतात तशी बहुतेक लोक ही पुडी टाकून देतात. वास्तविक सर्वोपेक्षा ती पुडी जास्त विचार करून केलेली आहे. रबर सर्वोच्या कानांत बसतं, म्हणजे इंजिनाचा थरथराट थेट डबीत जात नाही. पितळी नळी रबरात खालून घालायची, तिची पसरट कड लाकडाकडे. स्क्रू आवळत गेलं की तो नळीवर येऊन थांबतो आणि रबर चिरडत नाही. नळी उलटी घातली तर तिची बारीक कडा लाकडात रुतत जाते, स्क्रू खाली खाली जातो आणि रबराची चपाती होते. म्हणजे आवळायचंही बेतानंच. काही लोकांना घट्ट म्हणजे दात-ओठ खाऊन घट्ट एवढंच कळतं. तसं आवळलं की रबर असून नसल्यासारखं. आणि डबीच्या भिंती लाकडाला टेकता कामा नयेत. चारी बाजूंनी मिलिमीटरभर मोकळं असावं. चांगल्या शेजाऱ्यासारखं. धरून असावं, पण अंगाला अंग लागू नये.

लाकडाचा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात यायला नको. मिस्त्रीकडे गेलो आणि सागवानाच्या दोन पट्ट्या मागितल्या, बोटाएवढ्या.

"सर, एवढ्याशा कामाले सागवान? खेळन्यातल्या इमानाले?"

"इमानालाच सागवान लागतं," मी म्हणालो. मिस्त्रीला काय कळलं कोण जाणे, त्यानं पैसे घेतले नाहीत. सागवान तेलकट असतं, तेव्हा इपॉक्सीनं चिकटवण्याआधी ते थिनरनं पुसून घ्यावं लागतं. होय, पट्ट्या विमानाला चिकटवल्याच; मी डिंकाचा शत्रू नाही. लाकूड लाकडाला जन्मभरासाठी धरायचं असेल तर डिंकासारखा पुरोहित नाही. पण गडी बदलता आला पाहिजे आणि काम करताना हललाही नाही पाहिजे, तिथं स्क्रूच हवा. पट्टीत आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर पट्टी चिरते. स्क्रू एकदा पिळून बाहेर काढायचा, भोकात पातळ सायनोचा एकच थेंब सोडायचा, पूर्ण वाळू द्यायचा, आणि मग स्क्रू पुन्हा बसवायचा. लाकडात पडलेले आटे दगडासारखे होतात. वाळू न देता स्क्रू घातला तर तो तिथंच कायमचा राहतो. हे मला कसं माहीत ते विचारू नका. चार सर्वोंना आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. त्यात ओव्हरमनसाहेबांचे दोन किस्से.

फोमच्या विमानात स्क्रू धरायला काही नसतं, हे त्या पोरांचं म्हणणं मात्र खरं आहे, ते मला मान्य करावं लागलं. तिथं प्लायवुडचा पातळ तुकडा फोममध्ये पसरून इपॉक्सीनं बसवावा, म्हणजे भार एका जागी येत नाही, आणि स्क्रू त्या प्लायवुडमध्ये जावा. फारच चिमुकलं, मूठभर वजनाचं विमान असेल, खोलीत किंवा अंगणात उडवायचं असेल, तर सर्वोला कागदी टेप गुंडाळून मग चिकटवावा. डिंक आत जात नाही आणि टेप फाडून सर्वो काढता येतो. एवढी सवलत मी द्यायला तयार आहे. पण मे महिन्यात, वणीत, सव्वा किलोला, पोराच्या डोक्यावर? नाही म्हणजे नाही.

दिवाळीत पुतण्या आला तेव्हा आम्ही ते विमान त्याच शेतावर नेलं. मी फळी दाबून धरली, त्यानं स्टिक ओढली, आणि आम्ही दोघेही आत वाकून सर्वोकडे बघत राहिलो. ढिम्म. शेळ्या राखणारा पोरगा तिथंच होता. त्याला मी आधी धुऱ्यापलीकडे आमच्या मागे नेऊन उभं केलं. विमान अर्धा तास उडालं आणि उतरलं. पोरगं जरासं हिरमुसलं. "आज पाडत नाही का जी?" त्यानं विचारलं.

हा लेख इथवर लिहून झाला आणि आतून सौ.ची हाक आली.

"अहो, बाथरूममधला आरसा हलतोय. बघा, नाहीतर पडेल आता."

तो आरसा गेल्या पाडव्याला मीच लावलेला. टाइलला भोक पाडायचं तर निराळं ड्रिल-बिट लागतं, ते बाजारातून आणावं लागतं, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली होती. तेवढ्यापुरती. मी पेन ठेवून उठलो. दुकानं बंद झालेली, सकाळपर्यंत आरसा तग धरील की नाही सांगता येत नव्हतं. काय करावं या विचारात आत गेलो तर स्टूल कपाटापाशी लागलेलं होतं आणि सौ.नं वरची ग्लूगन काढून प्लगला लावलीसुद्धा होती.

"बघता काय? धरा आरसा," ती म्हणाली.

मी धरला.